मोटकरी, नग एक

गावाचं नाव सांगून उगं कशाला कुणाची तकलीफ वाढवा. वसमत सोडलं की दोन कोसांवर एक कसबं लागतं, एवढं समजून घ्या, बस झालं. साल तेराशे सत्तेचाळीस फसली, म्हंजे इंग्रजी हिशोबानं एकोणीसशे अडतीस लागलं होतं. राज्य निजामाचं. आन त्या कसब्याच्या पाणी कचेरीत उकंडराव नावाचे गृहस्थ अहलकार होते. अहलकार म्हंजे कारकूनच, पर हे त्यांच्या तोंडावर कुणी म्हणत नव्हतं.

पाणी कचेरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काहीतरी टोलेजंग येईल. ते येऊ देऊ नका. गावाबाहेर एक बारव. बारवेवर एक मोट. मोट ओढायला तांब्या आन हरण्या असे दोन बैल. मोटेचं पाणी साठवायला चुन्याचा हौद, हौदातून गावात गेलेला लोखंडी नळ, नळाच्या टोकाला तीन तोट्या. आन ह्या सगळ्यावर नजर ठेवायला एक खोली, खोलीत एक टेबल, टेबलामागं बंद गळ्याचा काळा कोट घालून उकंडराव. उन्हाळ्यातसुद्धा कोट. माणूस वाईट नव्हता. नियमाचा होता, इतकंच. एकदा घराला आग लागली असती तर त्यांनी आधी अर्ज लिहून घेतला असता, असं त्यांची बायको पार्वतीबाई म्हणायची. आन ती चेष्टेनं म्हणत नव्हती.

तर पुसाच्या महिन्यात वरून दोन किताबा आल्या. एक हिरवी, एक तांबडी.

हिरवीत हुकूम होता की पाणी खात्याच्या दर वस्तूची यादी करा, वस्तू डोळ्यांनी पाहून करा, आन तिच्यापुढं तीन रकाने भरा: एकूण उमर किती, गेली किती, राहिली किती. तांबडीत हुकूम होता की दर नोकराची न घेतलेली रजा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मोजा आन तो मागंल तवा द्या.

उकंडरावांनी दोन्ही किताबा कपाळाला लावल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वरच्यांना त्यांची आठवण झाली होती.

आता शेजारी राहायचे व्यंकटराव. परभणीच्या एका वकिलाकडं बावीस वर्षं लेखणी घासून घरी बसलेले. कुणी सल्ला विचारला न्हाई तर त्यांना जेवण जात नसे. हिरवी किताब पाहून त्यांच्या अंगात वारं भरलं.

"उकंडराव, 'डोळ्यांनी पाहून' ह्या शब्दांकडं लक्ष द्या. नळ किती हाय?"

"दीडशे हात असंल."

"असंल? 'असंल' असं लिहिणार? नळ जमिनीत हाय. पाह्यला कुणी? उकरा!"

मग उकरायला सुरुवात झाली, आन ती नेमकी व्यंकटरावांच्याच दारापुढून, कारण दुसऱ्या कुणी आपलं दार उकरू दिलं न्हाई. चौथ्या घावाला कुदळ नळात गेली. पाणी असं उडालं की व्यंकटरावांच्या अंगणात वाळू घातलेल्या दोन पायली मिरच्या उठल्या आन गल्लीतून रांगेनं चालत्या झाल्या. बाया लुगड्याच्या ओच्यात मिरच्या धरून घरी गेल्या. त्या साली त्या गल्लीत कुणी मिरची इकत घेतली न्हाई. व्यंकटराव भिजलेल्या धोतरानं ओट्यावर उभे राहून म्हणाले, "नळ हाय, हे तरी शाबित झालं."

नळ सांधायला चार दिवस गेले. त्यानंतर दोघं ओट्यावर यादी भरायला बसले. उकंडरावांपुढं जुनी यादी होती, मोट सुरू झाली त्या सालची, आधीच्या अहलकाराच्या हातची. दर साली उकंडराव तीच उतरून काढायचे. आता फक्त रकाने वाढले होते.

"बारव?" उकंडरावांनी विचारलं.

"बारवेला उमर लिहू नका. ती सरली तर सरकार बुजवायला लावंल."

"मोट?"

"चामड्याची. एक साल."

"नाडा?"

"दोर व्हय तो. सा महिने. बैलाला दहा साल धरा, पाच गेले, पाच राहिले."

"मोटकरी?"

"पंचवीस धरा. गेले किती?"

"तेवीस."

"मग राहिले दोन. फुडं चला."

उकंडराव फुडं गेले. बादल्या, कुलपं, टेबल. शेवटी मोहर लावली, यादी टपालात टाकली, आन घरी येऊन त्या दिवशी भाकरीवर दोनदा तूप मागितलं.

संक्रांत होऊन आठवडा झाला असंल. सकाळची मोट सोडून लखमा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. लखमा म्हंजे तो मोटकरी. मोट सुरू झाली त्या दिवसापासून तोच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच लेक, रूपाबाई, ती पुसेगावला दिलेली. तिच्या लग्नाला उकंडरावांनी त्याला सकाळच्या आन संध्याकाळच्या मोटेमधली दुपार दिली होती, आन वर आहेर म्हणून एक खणही दिला होता. त्याला नऊ वर्षं झाली. लेकीचं घर लखमानं अजून पाह्यलं नव्हतं. जेव्हा जेव्हा इचारलं तेव्हा उकंडराव म्हणाले होते, "लखमा, पाण्याला सुट्टी असती का?" आन लखमालाही ते पटत आलं होतं.

"मालक, नवा कायदा आला म्हनं. माझी रजा निघती का?"

"काहून? काय काम निघालं?"

"पुसेगावाहून कापसाची गाडी आल्ती वसमतला. गाडीवानाजवळ रूपानं निरोप धाडला. बापाला म्हनावं, एकडाव येऊन जा."

"आजारी हाय का पोरगी?"

"तसं न्हाई बोलला. खोकती म्हनला." लखमानं खांद्यावरचं घोंगडं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "पर तिनं आजवर कवा बोलावलं न्हाई मालक."

उकंडरावांनी तांबडी किताब काढली. वर्षाला तीस दिवस, वर्षं तेवीस. त्यांनी बोटांवर नाही, कागदावर मांडलं, दोनदा तपासलं, आन मोठ्या आवाजात सांगितलं, "सहाशे नव्वद दिवस!"

लखमा घाबरला. "एवढं काय करू? मला आठ पुरे."

"आठ तर आठ. उद्या जा." उकंडरावांचा हात मोकळा होता त्या दिवशी. त्यांनी लखमाचं नाव काढायला नोकरांची यादी उघडली. यादीत दोन नावं होती. उकंडराव, अहलकार. खेमा, हौद धुणारा. पान उलटून पाह्यलं, पाठीमागं पाह्यलं. लखमा नव्हता.

मग त्यांनी मालाची यादी काढली. मोट एक. नाडा एक. बैल दोन. मोटकरी, नग एक. एकूण उमर पंचवीस, गेली तेवीस, राहिली दोन. अक्षर त्यांचंच, वळणदार.

मोट सुरू झाली तवा आधीच्या अहलकारानं सगळा संच एका दमात लिहून टाकला होता. मोटकऱ्याची मजुरी बैलांच्या कडब्याबरोबर एकाच चिठ्ठीवर निघायची, म्हणून कधी अडलंच न्हाई. आन उकंडरावांनी एकोणीस वेळा ते उतरून काढलं होतं, हात न थांबवता.

"काय झालं मालक?"

"काही न्हाई. जरा लिखापढी करावी लागंल. दोन-चार दिवस."

घरी पार्वतीबाईनं ऐकून घेतलं आन तव्यावरची भाकर उलटता उलटता म्हणाली, "अवो, त्याला आजच्या आज धाडा. कागद मागून येईल."

"तुला काय कळतं? माल जागेवर न्हाई म्हंजे गहाळ. गहाळ म्हंजे माझ्यावर खटला."

"तो माल हाय?"

"कागदावर हाय."

"मग कागदाला इथं ठिवा आन त्याला धाडा," ती म्हणाली. उकंडराव रागावले आन अर्धी भाकर ताटात टाकून उठले.

त्यांनी वर लिहिलं की लिहिताना चूक झाली आहे, सदर नग हा मनुष्य आहे. अकरा दिवसांनी जवाब आला. एकदा मालाच्या यादीत चढलेली वस्तू तीनच वाटांनी उतरते: लिलाव झाला तर, मोडली तर, हरवली तर. सदर नगाचं ह्यांपैकी काय झालं ते कळवा.

लखमा रोज संध्याकाळी मोट सोडून यायचा. "आला का कागद?" "येऊन राहिला." एवढंच बोलणं.

व्यंकटरावांनी हिरवी किताब उलटी-पालटी करून वाट काढली. "लिलाव करू नका, कुणी घेतलं तर पंचाईत. ह्ये पाहा, कलम चौदा. माल दुरुस्तीसाठी बाहेरगावी पाठवता येतो. आठ दिवस! पाठवा की दुरुस्तीला."

उकंडरावांना हसू आलं न्हाई. त्यांना वाट दिसली. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज घेतला आन लखमाला समोर बसवलं.

"खराबी काय, असा रकाना हाय. तुझ्यात खराबी काय?"

लखमानं प्रामाणिकपणे विचार केला. "उजवा खांदा वाजतो. नाड्याचा हाय. आन डाव्या पायाला जरा कमी हाय."

"आणिक?"

"आणिक काय... रातीला झोप लागंना झाली, पर ते ह्या पंधरा दिवसांतलं हाय. ते नका लिहू."

उकंडरावांनी खांदा लिहिला. दुरुस्त करणारा कोण, तर पुसेगावचा एक वैद्य लिहिला. अर्ज गेला. नऊ दिवसांनी परत आला. बाकी सगळं बराबर आहे, फक्त मालाचं वजन कळवावं, म्हंजे रवानगीचा बंदोबस्त करता येईल.

मग लखमाला घेऊन उकंडराव आडतीवर गेले. आडत्यानं कापसाचा मोठा काटा मोकळा केला. लखमा पारड्यात मांडी घालून बसला, दोरीला दोन्ही हातांनी धरून, एखाद्या नवसाच्या लेकरासारखा. बघायला ही गर्दी.

"दीड मणाला कमीच," आडत्या म्हणाला. "बारदान वजा करायचं का?"

"बारदान म्हंजे?"

"घोंगडं, पागोटं, धोतर."

लोक हसले. लखमापण हसला, कारण सगळे हसून राहिले होते. उकंडरावांनी पावतीवर लिहून घेतलं, सव्वा मण, बारदान वजा. तारीख टाकली. माही पुनव, म्हंजे माघातली पौर्णिमा होती, आडत्याच्या दुकानात सत्यनारायणाचा प्रसाद वाटणं चालू होतं. लखमानं प्रसाद खाल्ला न्हाई, घोंगड्याच्या टोकाला बांधून घेतला. "रूपाला नेतो," म्हणाला.

त्यानंतर त्यानं कागदाचं विचारणं सोडलं. संध्याकाळी खोलीच्या दारापुढून जाताना नुसता पाय हळू करायचा. उकंडराव मान वर करीनासे झाले.

शिमग्याच्या आठ दिवस आधी परवानगी आली. वर लिहिलेलं होतं, माल मालगाडीनं पाठवावा. उकंडरावांनी खिशातून हिंगोलीपर्यंतचं माणसाचं तिकीट काढून दिलं. हिंगोलीच्या फुडं पुसेगाव पायी. पार्वतीबाईनं लेकीसाठी गूळ, साळीचे पोहे आन एक हिरवं लुगडं बांधून दिलं. लखमा गाडीत बसला, खिडकीतून म्हणाला, "हरण्या उजवीकडं ओढतो. त्याला दामटू नका मालक, तो समजदार हाय."

हे त्यानं काहून सांगितलं ते उकंडरावांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. दुरुस्तीला गेलेल्या मालाच्या बदल्यात दुसरा माल देण्याची सोय हिरव्या किताबीत नव्हती. खेमानं हात जोडले, "मला हौद धुता येतो, बैल न्हाई." आन तिन्ही तोट्यांपुढं घागरींची रांग लागलेली.

उकंडराव काळ्या कोटात धावेवर गेले. धाव म्हंजे बैल मोट ओढत खाली जातात ना, तो उतार. खाली जायला बैल तयार होते. खाली गेल्यावर माणसानं नाड्यावर बसायचं असतं, हे उकंडरावांनी एकोणीस वर्षं खिडकीतून पाह्यलं होतं. ते बसले. मोट वर आली, पाणी थारोळ्यात, म्हंजे वरच्या दगडी कुंडीत पडलं, नाडा सैल झाला आन अहलकार बैलांच्या मागच्या पायांत. परत बैलांना मागं-मागं वर न्यायचं, तर दोघं जागचे हलंनात.

घागर घेऊन उभी असलेली सुमनबाई म्हणाली, "अहलकार, त्याहिला हुकूम कळत न्हाई. गाऊन हाका. लखमा गातो."

उकंडरावांना गाणं एक येत नव्हतं. आरती म्हणून पाह्यली, तांब्यानं कान हलवला, पाय न्हाई. शेवटी त्यांना जे तोंडपाठ होतं ते त्यांनी चाल लावून म्हटलं. तांबड्या किताबीचं पहिलं कलम, रजेचं. "दरेक मुलाजिमाची रुखसत ओ ओ, पहिल्या दिवसापासून..." आन काय सांगावं, हरण्या मागं सरकला! बायांनी तोंडाला पदर लावले. लेकरं कलमं पाठ करू लागली. त्या चार दिवसांत गावाला रजेचा कायदा असा समजला की तसा वरच्यांनाही समजला नसंल.

सकाळी साठ मोटा, संध्याकाळी साठ. पहिल्या दिवशी तळहात सोलून निघाले. दुसऱ्या दिवशी कोट खुंटीला गेला. तिसऱ्या दिवशी उजवा खांदा वाजला. त्या दिवशी उकंडराव धावेवर बसून मोजायला लागले, सवयच ती. दिवसाला एकशे वीस मोटा, वर्षाचे दिवस, वर्षं तेवीस. दहा लाखांच्या वर आकडा गेला. त्यांनी दोनदा तपासला. मोठ्या आवाजात सांगायला कुणी नव्हतं, आन असतं तरी त्यांनी सांगितला नसता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी विसावी मोट रिकामी करताना त्यांना धावेच्या तोंडाशी लखमा दिसला. काखेत हिरव्या लुगड्याचं गाठोडं तसंच.

"आलास? अजून चार दिवस हायेत की तुझे."

लखमा वर आला. हरण्याच्या पाठीवरून हात फिरवला. उकंडरावांच्या हातातून नाडा घेतला, त्यांचे सोललेले हात पाह्यले.

"चुना-लोणी लावा मालक," म्हणाला. मग बैल खाली घातले, मोट वर आणली, थारोळ्यात रिकामी केली. न गाता. बैल न गाताच मागं आले.

"लखमा, पोरगी कशी हाय?"

"माही पुनवेला गेली."

उकंडराव थारोळ्याच्या काठावर बसले. पाण्यात बसले, त्यांना कळलं न्हाई.

"जावई चांगला हाय," लखमा म्हणाला. "निरोप धाडाया कुनी गावलं न्हाई म्हनला. जेवल्याबिगर सोडीना. तो सांगत व्हता, निरोप धाडला तवापासून रोज एक भाकर जादा टाकायची. बाप कवा यील नेम न्हाई म्हनायची. मी न्हाई आलो की दुसऱ्या दिशी ती शिळी सोता खायची. जावई म्हनला, ताजी खा की. तर म्हनायची, उद्याला येतील, ताजी त्याहिला ठिव." त्यानं नाडा ओढून पाह्यला. "लई दिवस टाकली म्हनं भाकर."

त्यानं राहिलेल्या एकोणचाळीस मोटा काढल्या. उकंडराव तिथंच बसून होते.

आता दुरुस्तीवरून माल परत आला की एक फर्द भरून पाठवावी लागते. त्यात एकच रकाना मोठा होता: माल दुरुस्त झाला का? उकंडरावांनी बाकी सगळं भरलं, तो रकाना कोरा ठेवला. वरून फर्द परत आली, रकाना भरा. त्यांनी कोरी परत धाडली. तिसऱ्यांदा ताकीद आली. चौथ्यांदा, पाडवा झाल्यावर, खुद्द तपासनीस साहेब टांग्यातून उतरले.

"दुरुस्त हुआ सो माल दिखाव."

उकंडरावांनी धावेकडं बोट केलं.

साहेबांनी मोट पाह्यली, बैल पाह्यले, चष्मा पुसून पुन्हा पाह्यलं. "ये तो आदमी है!"

"जी हुजूर."

"कब से?"

"तेवीस सालांपासून, हुजूर," उकंडराव म्हणाले.

साहेब माणूस बरा होता. खुर्चीवर बसला, टाक मागितला, मालाच्या यादीतून ओळ खोडली, नोकरांच्या यादीत तिसरं नाव घातलं, खाली सही केली, आन सहाशे नव्वद दिवसांची रजा मंजूर करून चहा पिऊन गेला. चहा निवायच्या आत काम झालं होतं.

उकंडरावांनी लखमाला बोलावून घेतलं आन वाचून दाखवलं. लखमा ऐकून घेऊन म्हणाला, "कुठं जाऊ मालक?"

उकंडरावांनी यादी मिटली.

लखमा निघाला. दारापर्यंत गेला आन थांबला. "मालक, एक इचारू? ते आठ दिवस मागं लावता येत्यात का?"

"मागं म्हंजे?"

"माही पुनवेच्या आधी. बाकीचे राहू द्या सरकारला. आठच. म्हंजे कागदावर तरी..."

मागच्या तारखेनं रजा लावता येत न्हाई. तांबडी किताब, कलम सात. उकंडरावांना ते चालीवर पाठ होतं. त्यांनी हजेरीचं बुक काढलं. मिसलीतून कापसाच्या काट्याची पावती काढली, सव्वा मण, बारदान वजा, माही पुनव, आन ती फाडली. एकोणीस वर्षांत त्यांनी सरकारी कागदाला कधी साधी घडी चुकीची घातली नव्हती. चार तुकडे केले आन खिशात टाकले. मग साहेबांच्या हुकमानं लखमाच्या नावापुढं नुकत्याच मागून भरलेल्या, माघातल्या त्या आठ दिवसांवरच्या 'हजर' खुणा एकेक करून चाकूनं खरडल्या आन वळणदार अक्षरात लिहिलं.

"वाचा," लखमा म्हणाला.

"लखमा, मोटकरी. रजेवर. मुक्काम पुसेगाव, लेकीच्या घरी. माघ शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा."

"पुन्यांदा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. लखमानं मान हलवली, पागोटं सारखं केलं आन मोटेवर गेला, कारण ऊन कलून राहिलं होतं.

एक रकाना राहिला होता: त्या दिवसांत बदली काम कुणी केलं? त्यात उकंडरावांनी स्वतःचं नाव घातलं.

फुडच्या साली तपासणीत ते धरलं गेलं. अहलकार आठ दिवस मोटेवर होते तर टेबलावर नव्हते, आन टेबलावर नव्हते तर त्याचा अर्ज कुठं हाय? व्यंकटराव तीन पानांचा जवाब लिहून घेऊन आले. उकंडरावांनी तो वाचला, घडी घालून त्यांना परत दिला, आन वर खुलासा पाठवला न्हाई. त्यांच्या रजेतले आठ दिवस कापले गेले.